लुई पाश्चरची कसोटी

एकोणिसाव्या शतकात फ्रान्स देशाच्या बोस प्रांतातील मेंढपाळ काही कुरणांना शापित म्हणत. सकाळी धडधाकट दिसणारी मेंढी तेथे चरता चरता कळपाच्या मागे पडे, मान खाली घाली, थरथर कापू लागे आणि काही तासांतच गतप्राण होई. तिचे रक्त काळे पडे. आपल्याकडील शेतकरी या रोगाला फाशी किंवा काळपुळी म्हणतात. मेलेली जनावरे खोल पुरली, तरी पुढे कित्येक वर्षे त्याच जागी रोग पुन्हा उद्भवे. बिचाऱ्या मेंढपाळांनी शापावर विश्वास ठेवला, यात नवल ते काय?

हे कोडे सोडविण्याचे काम लुई पाश्चरने अंगावर घेतले. तो वैद्य नव्हता, पशुवैद्यही नव्हता. तो होता रसायनशास्त्रज्ञ. त्याचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी दोल या गावी झाला. त्याचे वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. दूध आणि मद्य नासते ते सूक्ष्म जंतूंमुळे, हे त्याने पूर्वीच दाखवून दिले होते. त्याच्या तीन मुली लहानपणीच आजाराने दगावल्या होत्या. पुढे रेशमाच्या किड्यांच्या रोगाचा अभ्यास चालू असताना, १८६८ साली, त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात व पाय कायमचे दुबळे झाले. तरीही त्याचे काम थांबले नाही.

फाशीचा जंतूच हा रोग घडवितो, हे रॉबर्ट कॉख या जर्मन वैद्याने १८७६ साली सिद्ध केले होते. पण खड्ड्यात पुरलेला जंतू वर कसा येतो? पाश्चर प्रयोगशाळा सोडून शेतांतून हिंडू लागला. एके दिवशी एका शेतातील थोडी जमीन त्याला निराळ्या रंगाची दिसली. चौकशी करता कळले, की तेथे मेंढ्या पुरल्या होत्या. त्याने वाकून पाहिले, तो गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीचे बारीक वळसे जागोजाग पडलेले! त्याने गांडुळे गोळा केली, त्यांच्या पोटातील माती तपासली आणि तीत फाशीचे जंतू त्याला सापडले. शाप तो हाच. मेलेली जनावरे कुरणात पुरू नका, जेथे गांडुळे फारशी नसतात अशा कोरड्या, रेताड जागी पुरा, असे त्याने शेतकऱ्यांना सांगितले.

याहून मोठे काम पुढेच होते. जंतूंचा जोर कमी करून तेच जनावराला टोचले, तर पुढे खऱ्या रोगापासून त्याचे रक्षण होते, असे त्याला आढळले. ही गोष्ट त्याने फेब्रुवारी १८८१ मध्ये जाहीर केली. अनेक पशुवैद्यांना ते पटले नाही. त्यांपैकी रोसिन्योल याने उघड परीक्षेची योजना मांडली. पाश्चरने ती तत्काळ स्वीकारली. त्याचे सहकारी मात्र चपापले; कारण प्रयोगशाळेत चुकलेला प्रयोग पुन्हा करता येतो, चारचौघांत चुकलेला येत नाही.

पुयी-ल-फोर या खेड्यातील शेतवाडीवर ५ मे रोजी शेतकरी, वैद्य आणि पशुवैद्य यांची गर्दी लोटली. चोवीस मेंढ्या, एक बकरी आणि सहा गाईबैल यांना लस टोचण्यात आली. १७ मे रोजी ती पुन्हा टोचली. दुसऱ्या चोवीस मेंढ्या, एक बकरी आणि चार गाई यांना लस दिली नाही. मग ३१ मे रोजी सर्वांनाच जिवंत, जहाल जंतू टोचले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, की लस दिलेली एक मेंढी आजारी दिसते. पाश्चरचा धीर सुटला. तो सहकाऱ्यावर रागावला. ती रात्र त्याने तळमळत काढली. सकाळी तार आली, तेव्हा कोठे त्याचा जीव भांड्यात पडला. २ जून रोजी दुपारी तो शेतवाडीवर पोहोचला, तेव्हा लस न दिलेल्या एकवीस मेंढ्या आणि बकरी मरून पडली होती. उरलेल्या तीन मेंढ्याही त्याच दिवशी मेल्या. चार गाई वाचल्या, पण त्यांच्या अंगावर मोठी सूज आली. पलीकडे लस दिलेली सारी जनावरे उभी होती. काल शंका घेणारे लोक आता टोपी उडवून जयघोष करू लागले.

लसीची मागणी गावोगावहून येऊ लागली. पुढे १८८५ साली पाश्चरने पिसाळलेला कुत्रा चावलेल्या मुलाला लस टोचून वाचविले. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याचा मृत्यू झाला.

एक गोष्ट मात्र त्याने लोकांपासून झाकून ठेवली होती. पुयी येथील लस त्याने जाहीर केलेल्या रीतीने, म्हणजे उष्णतेत व हवेत जंतू वाढवून, केलेली आहे, असाच सर्वांचा समज होता आणि पाश्चरने तो दूर केला नाही. त्याच्या टिपणवह्या कुटुंबाने बरीच वर्षे कोणास दाखविल्या नाहीत. १९६४ साली नातवाने त्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. अभ्यासकांनी त्या वाचल्या, तेव्हा कळले, की त्या दिवशी टोचलेली लस त्याचा सहकारी शांबर्लां याने एका रसायनाच्या साहाय्याने तयार केलेली होती. जयघोषाच्या त्या दुपारी शांबर्लां तेथेच, जनावरांच्या जवळ उभा होता.