विश्लेषण : घरात काय शिजणार, हे कोण ठरवते? कुर्ट लेविन यांनी शोधलेले उत्तर

पौष्टिक काय, हे बहुतेक घरांना ठाऊक असते. तरी ते ताटात येत नाही. हे कोडे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाती घेतले.

कोण होते लेविन?

जन्म ९ सप्टेंबर १८९० चा, तेव्हा प्रशियात आणि आज पोलंडमध्ये असलेल्या मोगिल्नो गावी, ज्यू कुटुंबात. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यातून लढले, जखमी झाले. पुढे बर्लिनमध्ये नामांकित अध्यापक झाले. ज्या देशासाठी रक्त सांडले, तो देश १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्यांना सोडावा लागला. अमेरिकेत जागा मिळाली ती कॉर्नेल विद्यापीठाच्या गृहविज्ञान विभागात! तिथे त्यांनी लहान मुलांच्या खाण्याचा अभ्यास केला. १९३५ मध्ये ते आयोवा विद्यापीठात गेले.

प्रयोग काय होता?

युद्धात मांसाचा तुटवडा होता. हृदय, गुर्दे असे अवयव पौष्टिक आणि स्वस्त. पण अमेरिकी घरांत त्यांना नाके मुरडली जात. लेविन यांनी रेडक्रॉसच्या स्वयंसेविकांचे सहा गट घेतले. तीन गटांना व्याख्यान दिले : जीवनसत्त्वे, तक्ते, पाककृतींचे कागद, देशसेवेचे आवाहन. उरलेल्या तीन गटांत बायकांनाच बोलते केले. नवरा कुरकुरेल, शिजताना वास येतो, अशा खऱ्या अडचणी बाहेर आल्या. मग त्याच पाककृती दिल्या आणि शेवटी विचारले, या आठवड्यात कोण करून पाहील? हात वर झाले.

नंतर चौकशी केली तेव्हा, पूर्वी कधीच न केलेला असा एखादा पदार्थ व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के, तर चर्चेतल्या ३२ टक्के स्त्रियांनी केला होता. १९५५ च्या एका अभ्यासाने यात दुरुस्ती सुचवली. नुसती चर्चा पुरत नाही. स्वतः निर्णय घेणे आणि बाकीच्याही तयार आहेत असे दिसणे, यामुळे फरक पडतो.

‘दारवान’ म्हणजे कोण?

लेविन यांच्या मते अन्न बाजारातून किंवा परसातून ताटापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेवर कुणीतरी दारवान असतो. तिथे बहुतेकदा गृहिणी उभी असते. ताटात आलेले अन्न घरात कुणी ना कुणी खातेच. म्हणून बदल करायचा तर ताटाशी नव्हे, खरेदीच्या पिशवीशी. मात्र तिचा हात नवऱ्याची आवड, मुलांचे हट्ट, पैसा आणि मान यांनी बांधलेला असतो. सगळा दोष तिच्या माथी मारणाऱ्यांनी हे विसरू नये.

आईला मात्र लेविन वाचवू शकले नाहीत. नाझी मृत्युछावणीत तिचा अंत झाला. युद्ध संपत आले तेव्हा त्यांनी एमआयटीत समूहवर्तनाचे संशोधन केंद्र उभारले. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी हृदयविकाराने ते गेले. वय होते ५६.