मूर्ती नाही, भटजी नाही, मग प्रचारक कशाला? विठ्ठल रामजी शिंदे यांची गिरगाव ते मंगळूर गोष्ट

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे म्हटलं की अस्पृश्यता निवारणाचं काम आठवतं. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एखादा परिच्छेद असतो आणि त्यातही तेवढंच असतं. पण शिंदे यांचं शिक्षण आणि पहिली नेमणूक धर्मप्रचारकाची होती. आधी मुंबईच्या प्रार्थना समाजात आणि पुढे मंगळूरच्या ब्राह्म समाजात त्यांनी उपासना चालवली. दोन्हीकडे त्यांना मानाने बोलावलं गेलं आणि दोन्हीकडे त्यांचा मुक्काम तात्पुरता ठरला.

असं का झालं? त्यासाठी आधी हे समाज नेमके काय होते ते पाहावं लागेल.

पुजारी नसलेला धर्म

प्रार्थना समाजाची स्थापना ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत झाली. डॉ. आत्माराम पांडुरंग यांचा त्यात पुढाकार होता. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर लवकरच त्यात आले. बंगालच्या ब्राह्म समाजाचा, विशेषतः केशवचंद्र सेन यांच्या मुंबई भेटीचा प्रभाव त्यामागे होता. देव एक आहे, मूर्तीची गरज नाही, कुठलाही ग्रंथ चुकांच्या पलीकडे नाही आणि सगळी माणसं एकाच देवाची लेकरं आहेत, हा त्यांच्या विचाराचा गाभा. जोडीला तुकोबांचे अभंग होतेच.

गिरगावातल्या मंदिरात दर रविवारी उपासना व्हायची. ती चालवायला पुजारी नव्हता. सभासदांपैकीच कुणी न्यायाधीश, कुणी प्राध्यापक व्यासपीठावर बसायचे.

यात एक अडचण होती. ही सगळी मंडळी आपापल्या नोकरीधंद्यात गुंतलेली. रविवारची उपासना पार पडायची, पण आठवड्याचे उरलेले सहा दिवस समाजाचं काम कोण करणार? तरुणांना कोण भेटणार? गावोगावच्या लहान समाजांकडे कोण जाणार? त्यासाठी पूर्णवेळ माणूस हवा होता. असा माणूस म्हणजे प्रचारक.

जमखंडीहून ऑक्सफर्डला

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. घर मराठी, वारकरी वळणाचं आणि आजूबाजूची भाषा कानडी. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १८९८ साली ते बी.ए. झाले. त्याच सुमारास प्रार्थना समाजाचे सभासदही झाले. पुढे कायद्याचा अभ्यास सुरू केला, पण वकील होण्यात त्यांचं मन रमलं नाही.

याच काळात एक संधी चालून आली. इंग्लंडमधले युनिटेरियन म्हणजे ख्रिस्ती परंपरेतले उदारमतवादी. देव एकच आहे असं मानणारे आणि येशूला देव न मानणारे. भारतातल्या ब्राह्म आणि प्रार्थना समाजात त्यांना आपले वैचारिक भाऊबंद दिसत होते. इथल्या एखाद्या तरुणाने ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करावा म्हणून ते शिष्यवृत्ती देत. ती शिंदे यांना मिळाली. प्रवासखर्चाला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी हात दिला.

१९०१ ते १९०३ अशी दोन वर्षं ते तिथे होते. विद्यार्थ्याने अमुकच मत मानलं पाहिजे अशी सक्ती मँचेस्टर कॉलेजात नव्हती. तिथे त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखे शिक्षक त्यांना मिळाले. वर्गाबाहेरही त्यांनी बरंच काही पाहिलं. शहरांतल्या गरीब वस्त्यांमध्ये युनिटेरियन मंडळी शाळा, क्लब आणि मदत केंद्रं चालवत होती. तिथे धर्मोपदेशकाचं काम प्रवचन संपल्यावर संपत नव्हतं.

परतण्याआधी सप्टेंबर १९०३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला उदार धर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे शिंदे यांनी भारतातल्या उदार धर्माबद्दल निबंध सादर केला.

गिरगावातली सात वर्षं

मुंबईत आल्यावर ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. समाजाला हवा होता तसाच माणूस मिळाला होता. तरुण, परदेशात शिकलेला, पण अभंगावर वाढलेला.

कामाला त्यांनी लगेच वेग दिला. उदार धर्मावरची पुस्तकं एकत्र वाचण्यासाठी वर्ग सुरू केला. तरुणांचा संघ काढला. इंग्लंडमध्ये पाहिलेलं पोस्टल मिशन इथे आणलं. कल्पना साधी होती. ज्यांना मंदिरात येणं शक्य नाही, त्यांना धर्मविषयक साहित्य टपालाने पाठवायचं. शिवाय ठिकठिकाणच्या समाजांना भेटी देण्यासाठी प्रवास सुरू होताच.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण सगळी माणसं एकाच देवाची लेकरं, हे वाक्य गिरगावच्या मंदिरात म्हणणं एक आणि महारवाड्यात जाऊन तसं वागणं दुसरं. मंदिरात येणारे बहुतेक शिकलेले आणि वरच्या जातींतले होते. जातिभेद त्यांना मान्य नव्हता, पण अस्पृश्य वस्तीशी त्यांचा रोजचा संबंधही नव्हता.

शिंदे यांना तो संबंध हवा होता. १९०५ मध्ये अहमदनगरजवळ भिंगार इथे अस्पृश्य मंडळींच्या रात्रीच्या सभेला ते गेले. या कामाला वाहून घ्यायचा त्यांचा निर्धार तिथे पक्का झाला.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळमध्ये शाळा सुरू झाली आणि भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळीची स्थापना झाली. इंग्रजीत तिचं नाव डिप्रेस्ड क्लासेस मिशन. अध्यक्ष होते प्रार्थना समाजाचेच नेते, न्यायमूर्ती नारायण चंदावरकर. शिंदे यांची बहीण जनाक्काही या कामात उतरल्या. शाळेच्या जोडीला वसतिगृह, दवाखाना, उद्योगाचं शिक्षण अशी कामं वाढत गेली.

मग दोन कामांची ओढाताण सुरू झाली. समाजाने नेमलेला प्रचारक आपला वेळ नेमका कुणाला देणार? सभासदांना, की सभासद नसलेल्या हजारोंना? शिंदे यांच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामं नव्हतीच. समाजातल्या सगळ्यांना तसं वाटत नव्हतं. मतभेद वाढले आणि १९१० मध्ये शिंदे प्रचारकपदावरून बाजूला झाले.

हे भांडण होऊन झालेली फारकत मात्र नव्हती. चंदावरकर पुढेही मिशनचे अध्यक्ष राहिले. शिंदे यांनी पद सोडलं, उपासना सोडली नाही.

उभं केलेलं काम सोडताना

१९१२ पासून पुणे हे त्यांच्या कामाचं केंद्र झालं. तिथे मिशनचा अहिल्याश्रम उभा राहिला. इंदूरच्या होळकरांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागे शिंदे यांची खटपट होती.

पण काळ बदलत होता. अस्पृश्य समाजातून नवं नेतृत्व पुढे येत होतं आणि त्याचा प्रश्न थेट होता: आमच्या वतीने दुसऱ्यांनी का बोलावं? अस्पृश्यांचे प्रतिनिधी कसे निवडावेत याबद्दलच्या मिशनच्या भूमिकेवर मे १९२० मध्ये नागपूरच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर टीका केली. आयुष्यातली उमेदीची वर्षं ज्या कामाला दिली, त्याच कामात आपली जागा कोणती, हा प्रश्न शिंदे यांच्यासमोर उभा राहिला. १९२३ मध्ये ते मिशनच्या कारभारातून बाहेर पडले. तेव्हा त्यांचं वय होतं ५० वर्षं.

मंगळूरचे आचार्य

यानंतर ते मंगळूरला गेले, तिथल्या ब्राह्म समाजाचे आचार्य म्हणून.

हा समाज १८७० पासूनचा. उल्लाळ रघुनाथय्या यांनी तो सुरू करण्यात पुढाकार घेतला होता. कुद्मुल रंगराव हे त्याचे मोठे कार्यकर्ते. सारस्वत घरातल्या रंगरावांनी १८९० च्या दशकातच अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढली होती आणि त्यापायी जातीचा बहिष्कार सोसला होता. म्हणजे शिंदे ज्या समाजाचे आचार्य झाले, त्याला परळच्या शाळेचं महत्त्व समजावून सांगायची गरज नव्हती.

अशा लहान समाजात आचार्याचं काम काय असतं? साप्ताहिक उपासना चालवायची. सभासदांच्या घरी बारसं, लग्न, श्राद्ध असेल तर ब्राह्म पद्धतीने विधी करायचे. जुन्या पिढीला सांभाळायचं आणि नव्या पिढीला गोळा करायचं. आचार्य मठाधिपती नसतो. समाजाची मालकी सभासदांकडेच राहते. बाहेरून काही काळासाठी आलेल्या आचार्याला तर हे भान जास्तच ठेवावं लागतं. तिथे भाषा तुळू, कोकणी आणि कानडी. जमखंडीत वाढलेल्या शिंदे यांना त्यातली कानडी परकी नव्हती.

पण इथेही ते मंदिरापुरते राहिले नाहीत. ३० मार्च १९२४ रोजी त्रावणकोर संस्थानात वायकोमचा सत्याग्रह सुरू झाला होता. महादेव मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अवर्णांना चालता यावं, एवढीच मागणी होती. शिंदे तिथे पोहोचले. प्रचारक असताना ते गिरगावातून परळला गेले होते. आचार्य असताना मंगळुरातून वायकोमला गेले.

मंगळूरचा मुक्काम फार लांबला नाही. ते पुण्याला परतले. १९३० च्या सविनय कायदेभंगात वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांनी सहा महिन्यांची शिक्षा घेतली आणि येरवड्याचा तुरुंग पाहिला. १९३३ मध्ये त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ आला. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचं निधन झालं.

मग समाजांना त्यांच्याकडून काय मिळालं?

प्रचारक बोलावताना समाजाला वाटत असतं की आता आपली उपासना नीट चालेल, सभासद वाढतील, तरुण येतील. शिंदे यांनी हे सगळं केलं. पण सोबत ते एक अवघड मागणीही घेऊन आले होते. रविवारी जे म्हणता ते सोमवारी परळला येऊन करा. काहींनी ते मनापासून केलं, काहींनी देणगी दिली, काही गप्प राहिले.

ही मागणी त्यांना स्वतःलाही चुकली नाही. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांनीच पुढे येऊन कारभारावर प्रश्न विचारले, तेव्हा त्यांना खुर्ची सोडावी लागली. त्यानंतर ते घरी बसले नाहीत. पन्नाशीत, मोठी संस्था मागे ठेवून, त्यांनी दूरच्या किनाऱ्यावरच्या एका लहान समाजाची साप्ताहिक उपासना चालवायला घेतली.