अल्बर्ट, लूसी आणि छुपी फौज

२०१६ च्या युरो कपमधली ती कॉमेंट्री ऐकलीय ना? आइसलँडने ऑस्ट्रियाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी गोल केला आणि त्यांचा कॉमेंटेटर असा काही किंचाळला की सगळं जग हसलं. तेव्हा आम्ही शाळेत होतो, पण आमच्या विंगमध्ये सबमिशनच्या रात्री कोणीतरी ती क्लिप अजूनही फुल व्हॉल्यूमवर लावतोच. त्या कॉमेंटेटरचं नाव गुडमुंडुर बेनेडिक्टसन. त्याचा मुलगा अल्बर्ट गुडमुंडसन हाही आइसलँडकडून खेळलेला. आणि या मुलाच्या आईच्या आजोबांचं नावही अल्बर्ट गुडमुंडसनच! हा लेख त्या आजोबांवर आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

आधी एक खुलासा. आइसलँडमध्ये आडनाव नसतं, वडिलांच्या नावापुढे ‘सन’ लावतात. पंतप्रधानांनाही लोक पहिल्या नावाने हाक मारतात. म्हणून मीही नुसतं अल्बर्टच लिहिणार आहे, त्यात अनादर नाही.

अल्बर्टचा जन्म ५ ऑक्टोबर १९२३ चा, रेक्याविकमधला. तेव्हा अख्ख्या देशाची लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्याएवढीही नव्हती. व्यावसायिक फुटबॉल हा प्रकारच तिथे नव्हता. वालुर या क्लबकडून खेळणारा हा मुलगा १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना, कॉमर्स शिकायला ग्लासगोला गेला. अभ्यास किती झाला देव जाणे, पण रेंजर्सकडून खेळू लागला. नंतर लंडनला आर्सेनलमध्ये. तिथे मात्र परदेशी माणसाला पैसे घेऊन खेळायचा परवाना मिळेना. दोन लीग मॅच खेळला, त्याही हौशी खेळाडू म्हणून, आणि फ्रान्सला निघून गेला. आर्सेनलचे जे फॅन आमच्या मेसमध्ये रोज भांडतात त्यांनी नोंद घ्यावी.

१९४७ मध्ये नॅन्सी क्लबने त्याला घेतलं आणि तो आइसलँडचा पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू झाला. मग एक सीझन मिलान, मग पॅरिसचा रेसिंग क्लब, शेवटी नीस. १९५० ची फ्रेंच कपची फायनल तो रेसिंगकडून खेळला आणि हरला. फ्रान्समध्ये त्याला पांढरा मोती म्हणायचे. देशासाठी मात्र त्याला जेमतेम सहा मॅच मिळाल्या. त्यातली एक म्हणजे १९४६ ची डेन्मार्कविरुद्धची, आइसलँडची पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय मॅच. तीही ०-३ ने हरले!

परत आल्यावर त्याने घाऊक आयातीचा धंदा टाकला. १९६७ मध्ये डेन्मार्कने आइसलँडला १४-२ असं धुतलं आणि पुढच्याच वर्षी अल्बर्ट फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला. मग नगरपालिका, १९७४ मध्ये इंडिपेंडन्स पार्टीतर्फे पार्लमेंट, १९८० मध्ये थेट राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. चार उमेदवारांत तो तिसरा आला. जिंकल्या त्या विगदिस फिनबोगादोत्तिर, लोकांनी निवडून दिलेल्या जगातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष.

१९८३ मध्ये तो अर्थमंत्री झाला. महागाई वर्षाला ८० टक्क्यांच्या वर! पण त्या काळातला अल्बर्ट लोकांना आठवतो तो कुत्र्यामुळे. रेक्याविकमध्ये १९२४ पासून कुत्रं पाळायला बंदी होती, कारण मेंढ्यांमधला एक जंत कुत्र्यांमार्फत माणसात यायचा आणि लोक मरायचे. रोग आटोक्यात आला तरी कायदा राहिला (आपल्या हॉस्टेलच्या नियमांसारखा). आणि अर्थमंत्र्यांच्या घरी लूसी नावाची कुत्री होती. १९८४ मध्ये तक्रार झाली, दंड झाला. लूसीला सोडण्यापेक्षा आपण देश सोडू, असं त्याने जाहीर करून टाकलं. त्याच वर्षी नियम सैल झाला आणि परवाना काढून कुत्रं पाळता येऊ लागलं.

हे वाचून मला तो फार आवडला होता. पुढचं वाचल्यावर जरा अडखळलो.

अल्बर्टची ओळख छोट्या माणसाचा दोस्त अशी होती. कोणाला कर्ज हवं, कोणाची फाइल अडलीय, तो भेटायचा आणि काम करून द्यायचा. अशा लोकांची त्याची एक फौजच होती. आइसलँडच्या लोककथांमध्ये डोंगरात राहणारी न दिसणारी माणसं असतात, त्यावरून तिला छुपी फौज म्हणायचे. पण तो हाफस्किप या जहाज कंपनीचा चेअरमनही राहिलेला होता. १९८५ च्या डिसेंबरमध्ये ती कंपनी बुडाली. चौकशीत निघालं की कंपनीकडून आलेले काही पैसे अल्बर्टच्या फर्मच्या टॅक्सच्या हिशेबात दाखवलेलेच नव्हते. आणि टॅक्सचं खातं दोन वर्षं याच्याच हाताखाली! तो तेव्हा उद्योगमंत्री होता. मार्च १९८७ मध्ये पक्षाच्या अध्यक्षाने त्याला राजीनामा द्यायला लावला.

निवडणूक महिन्यावर होती. दुसरा कोणी घरी बसला असता. अल्बर्टने त्या महिन्याभरात सिटिझन्स पार्टी नावाचा नवा पक्ष काढला, छुपी फौज बाहेर आली आणि २५ एप्रिलला जवळजवळ ११ टक्के मतं आणि सात जागा मिळाल्या. त्यातली एक त्याच्या मुलाची, इंगी ब्यॉर्नची. तोही फुटबॉलपटू. जुना पक्ष ३८ टक्क्यांवरून २७ वर घसरला. ज्यांचं काम त्याने केलं होतं त्यांना तो टॅक्सचा हिशेब दिसला नसेल का? मला वाटतं दिसला असणार, आणि तरीही त्यांनी मत दिलं. मी तिथे असतो तर दिलं असतं का, यावर रूममेटशी माझा दोन रात्री वाद झालाय, अजून मिटलेला नाही.

१९८९ मध्ये सरकारने त्याला राजदूत म्हणून पॅरिसला पाठवलं. ज्या शहरात तो कधीकाळी गोल मारायचा तिथे तो आता सूट घालून चार वर्षं राहिला. १९९३ मध्ये परतला आणि ७ एप्रिल १९९४ ला गेला. रेक्याविकच्या राष्ट्रीय स्टेडियमजवळ त्याचा पुतळा आहे. मंत्र्याचा नाही, फुटबॉलपटूचा.