निसर्गाचा उपासक : जॉन कॉन्स्टेबल

इंग्लंडमधील सफोक परगण्यात ईस्ट बर्गहोल्ट नावाचे खेडे आहे. तेथे ११ जून १७७६ रोजी जॉन कॉन्स्टेबल याचा जन्म झाला. त्याच्या वडिलांची फ्लॅटफर्ड येथे पाणचक्की होती. मुलाने आपला धंदा सांभाळावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु जॉनचे मन स्टूर नदी, तिच्या काठची झाडे आणि वरचे बदलते आकाश यांतच रमे. अखेर वडिलांनी संमती दिली आणि १७९९ मध्ये तो लंडनच्या रॉयल अकादमीत शिकू लागला.

त्या काळी पुराणकथांतील प्रसंगांच्या चित्रांना मोठा मान असे. साध्या खेड्याचे चित्र कोण विकत घेणार? कॉन्स्टेबलने पोटासाठी लोकांची व्यक्तिचित्रे काढली. पण गावाची ओढ सोडली नाही. १८०२ साली चालून आलेली चित्रकला-शिक्षकाची नोकरीही त्याने नाकारली. पुढे उघड्यावर बसून तो ढगांची चित्रे काढी आणि त्यांच्या पाठीमागे दिवस, वेळ व वाऱ्याची दिशा टिपून ठेवी.

नदीच्या उथळ पाण्यातून जाणाऱ्या गवताच्या गाडीचे चित्र त्याने १८२१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडले. तेथे त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. तेच चित्र १८२४ मध्ये पॅरिसला गेले आणि तेथे त्याला सुवर्णपदक लाभले. मायदेशी अकादमीचे पूर्ण सदस्यत्व मिळण्यास मात्र १८२९ साल उजाडले. तो आनंद पाहण्यास त्याची पत्नी मारिया उरली नव्हती.

३१ मार्च १८३७ रोजी कॉन्स्टेबल निवर्तला. त्याने इंग्लंडबाहेर कधी पाऊल टाकले नाही. परंतु त्याच्या नदीकाठाचे ते चित्र आज जगभरचे रसिक लंडनच्या नॅशनल गॅलरीत जाऊन पाहतात.