सुरतेचे प्राचार्य गाडगीळ

सुरत म्हटले की मराठी वाचकास शिवछत्रपतींची स्वारी आठवते. फार तर १९०७ सालचे उधळलेले काँग्रेस अधिवेशन. अर्थशास्त्रज्ञ कै. धनंजयराव गाडगीळ वयाच्या चोविसाव्या वर्षी तेथील मगनलाल ठाकोरदास बाळमुकुंददास महाविद्यालयाचे प्राचार्य झाले होते, याची आठवण मात्र क्वचितच निघते. नाशकात १९०१ साली जन्मलेल्या आणि केंब्रिजहून परतलेल्या या तरुणाने १९२५ ते १९३० ही वर्षे सुरतेत काढली व मग रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यास निघालेल्या गोखले संस्थेची धुरा उचलली.

त्यांचे खरे कार्य आमच्या मते पाहण्यांत आहे. दख्खनचे कालवे सरकारी दप्तरी तोट्याचे ठरत, कारण हिशेब पाणीपट्टीपुरताच होई. गाडगिळांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांखालची शेती शेजारच्या कोरडवाहू शेतीशी ताडून पाहिली आणि १९४८ च्या अहवालात प्रत्यक्ष लाभाबरोबर अप्रत्यक्ष लाभही जमेस धरला. सातारा जिल्ह्यात शाळा सोडून वर्षे लोटलेल्यांस लिहिता-वाचता येते काय, हेही त्यांनी घरोघर तपासविले. कागदावरील पटसंख्येवर त्यांचा भरवसा नव्हता. पुढे त्याच प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९६७ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मे १९७१ मध्ये, ते पद सोडून दिल्लीहून पुण्यास परतत असता, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सुरतेतच २०१९ साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने धुराड्यांतील धूलिकण सोडण्याच्या परवान्यांचा बाजार उभारला. सुमारे ३०० कारखान्यांपैकी कोणास त्यात घ्यावे व कोणास जुन्या नियमांखाली ठेवावे, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरले. बाजारात आलेल्या कारखान्यांची धूळ इतरांहून २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले. धनंजयरावांना कालव्यांच्या वेळी चिठ्ठ्या टाकण्याची सोय नव्हती, पण त्यांचा प्रश्न हाच होता.

आमच्या किनाऱ्यावर खारभूमीच्या बंधाऱ्यांवर सरकारी पैसा खर्च होत आला आहे. बंधारा झालेल्या खाजणातील भात आणि शेजारच्या उघड्या खाजणातील भात ताडून मांडलेला हिशेब मात्र आमच्या पाहण्यात आलेला नाही. असल्यास सरकारने तो छापावा.