बिनोंदोचे लेखनिक : संत लोरेन्झो रुइझ

संतांचीं चरित्रें वाचतां वाचतां आपल्या मनाची अशी समजूत होऊन बसते कीं, धर्मासाठीं रक्त सांडणारीं माणसें जन्मापासूनच निराळ्या मुशींतून ओतलेलीं असतात. घरदार सोडून तीं परदेशीं जातात, मरणाला शोधून काढतात आणि आनंदानें प्राण देतात. ज्यांनीं संन्याशाचें वस्त्र अंगावर घेतलें त्यांच्याविषयीं ही समजूत कदाचित् खरीही असेल. परंतु ज्या पुरुषाची हकीकत ह्या ज्युबिलीच्या पुस्तिकेंत वाचकांपुढें ठेवावयाची आहे, ते बायकोमुलांचे धनी होते, लेखणीवर पोट भरणारे होते, आणि जपानला गेले ते उपदेश करण्याकरितां नव्हे, तर मनिलाच्या सरकारी शिपायांच्या हातून निसटण्याकरितां. फिलिपाइन्स बेटांचे हे पहिले संत.

त्यांचें नगर कसें होतें हें आधीं सांगितलें पाहिजे. सन १५७१ मध्यें स्पॅनिश लोकांनीं मनिला आपल्या ताब्यांत घेतली आणि पासिग नदीच्या दक्षिण तीरावर तटबंदीचें शहर वसविलें. त्याला इंत्रामुरोस, म्हणजे तटाच्या आंतील वस्ती, असें नांव पडलें. मेक्सिकोच्या आकापुल्को बंदराहून मोठीं गलबतें चांदी घेऊन येत व चीनचें रेशीम भरून परत जात. हा सारा व्यापार चिनी लोकांच्या हातीं. त्यांच्यावांचून शहराचें पान हालत नसे, आणि तरी त्यांची भीति स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या मनांतून कधीं गेली नाहीं. त्यांची बाजारवस्ती मुद्दाम तटावरील तोफांच्या माऱ्यांत ठेवलेली होती. सन १६०३ मध्यें दंगल उसळली तेव्हां हजारों चिनी मारले गेले. ख्रिस्ती झालेल्या चिनी लोकांसाठीं मात्र गव्हर्नर लुइस पेरेझ दास्मारिन्यास यांनीं सन १५९४ मध्यें नदीपलीकडे बिनोंदो ही निराळी वसाहत करून दिली, आणि तेथें डोमिनिकन धर्मगुरूंनीं दोन वर्षांनीं ख्रिस्तमंदिर स्थापन केलें. ह्या चिनी कारागिरांचा हात मोठा कसबी. मनिलांतील रोझरीमातेची सुप्रसिद्ध हस्तिदंती मूर्ति सन १५९३ च्या सुमारास एका चिनी मूर्तिकारानेंच कोरली, आणि मूर्ति घडवीत असतांना तो ख्रिस्ती नव्हता. बाप्तिस्मा त्यानें पुढें घेतला, असें परंपरा सांगते. त्याच वर्षीं तागालोग भाषेंतील ख्रिस्ती शिकवणुकीचें पुस्तक चिनी पद्धतीच्या लांकडी ठशांनीं मनिलांत छापून निघालें.

अशा ह्या बिनोंदोंत सन १६०० च्या सुमारास लोरेन्झो यांचा जन्म झाला. वडील चिनी, आई तागालोग, दोघेंही ख्रिस्ती. चिनी भाषा वडिलांकडून, तागालोग आईकडून आणि स्पॅनिश डोमिनिकन धर्मगुरूंकडून, अशा तीन भाषा त्यांच्या तोंडीं बसल्या. लहानपणीं ते वेदीवर सेवा करीत. अक्षर सुंदर म्हणून मोठेपणीं ते लेखनिक झाले व कागदपत्रांच्या नकला करूं लागले. पॅरिशचीं बाप्तिस्म्याचीं व विवाहांचीं जुनीं बुकें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांना ठाऊक आहे कीं, सुवाच्य हाताचा आणि विश्वासू मनाचा लेखनिक मिळणें किती दुर्लभ! रोझरीमातेच्या भ्रातृसंघाचे ते सभासद होते. पत्नीचें नांव रोझारियो. दोन मुलगे व एक मुलगी. एवढेंच आयुष्य. ह्यापुढें कांहीं घडलें नसतें तर त्यांचें नांव आज कोणी घेतलेंही नसतें.

सन १६३६ मध्यें त्यांच्यावर एका स्पॅनिश मनुष्याच्या खुनाचा आरोप आला. मिश्र रक्ताच्या गरीब लेखनिकाला त्या काळच्या न्यायासनापुढें काय भरंवसा वाटावा? फांशीच्या भीतीनें ते डोमिनिकन धर्मगुरूंच्या आश्रयाला गेले. त्याच सुमारास फादर अंतोनियो गोन्झालेझ यांच्या नेतृत्वाखालीं कांहीं धर्मगुरु गलबतानें निघण्याच्या तयारींत होते. बरोबर फ्रान्सचे फादर गियोम कूर्ते, स्पेनचे फादर मिगेल दे ओझाराझा, जपानचे फादर व्हिन्सेंट शिओझुका आणि क्योटोचा लाझारो नांवाचा एक कुष्ठरोगी ख्रिस्ती होता. १० जून १६३६ रोजीं हें गलबत सुटलें, त्यांत लोरेन्झो होते. आपण जपानला चाललों आहों हें त्यांना भर समुद्रांत गेल्यावरच समजलें, असें सांगतात. रोझारियो व मुलें बिनोंदोंत राहिलीं. त्यांची भेट पुन्हां झाली नाहीं.

ह्या पळून जाण्यावर पांघरूण घालण्याचें मला कारण दिसत नाहीं. ख्रिस्तसभेनें त्यांना वेदीवर स्थान दिलें तें त्या आरोपाचा निवाडा करून नव्हे, तर पुढें जें घडलें त्याकडे पाहून.

त्या वेळीं ख्रिस्ती माणसाला जपानइतकें घोर स्थळ पृथ्वीवर दुसरें नसेल. सन १६१४ मध्यें तेथें ख्रिस्ती धर्माला बंदी झाली होती, आणि शोगुन इएमित्सु यांच्या अमलांत ती पराकोटीला पोहोंचली होती. अधिकाऱ्यांना हुतात्मे नको होते. धर्म सोडलेलीं माणसें हवीं होतीं. म्हणून त्यांनीं खड्ड्यावर उलटें टांगण्याची शिक्षा शोधून काढली. अंग दोरांनीं घट्ट आंवळून, डोकें खालीं करून, कैद्याला खड्ड्यांत लोंबकळत ठेवीत. रक्त एकदम डोक्यांत सांचून मरण लवकर येऊं नये म्हणून कपाळाजवळ बारीक छेद देत, आणि खूण करण्यासाठीं एक हात मोकळा ठेवीत. हात हलविला कीं सुटका. सन १६३३ मध्यें जेजुइट संघाचे जपानांतील मुख्य फादर फेरेइरा यांचासुद्धां धीर ह्या खड्ड्यांत कांहीं तासांत सुटला होता. ज्या शिक्षेपुढें असे विद्वान् धर्मगुरु टिकले नाहींत, तिच्यापुढें आतां तीन मुलांचा एक बाप उभा राहणार होता.

ओकिनावा बेटावर उतरल्यावर ते सर्व पकडले गेले व एक वर्षाहून अधिक काळ तेथील तुरुंगांत राहिले. सप्टेंबर १६३७ मध्यें त्यांना नागासाकीला आणण्यांत आलें. तेथें पोटांत बळेंच पाणी भरून तें दाबून बाहेर काढण्याचा छळ सुरू झाला. लाझारो व फादर व्हिन्सेंट यांचें मन एकदां डळमळलें, आणि पुन्हां स्थिर झालें. लोरेन्झो यांनीं दुभाष्याला एकीकडे विचारलें कीं, धर्म सोडल्यास आपला जीव खरोखर वांचेल काय. चरित्रकारांनीं ही गोष्ट लपविली नाहीं, हें त्यांचे उपकार समजावे. रोझारियोकडे परत जाण्याची वाट त्या एका प्रश्नांत होती. दुभाष्याकडून निश्चित उत्तर आलें नाहीं. त्यानंतर न्यायाधीशांसमोर उभे राहून लोरेन्झो यांनीं सांगितलें कीं, आपण ख्रिस्ती आहों व ख्रिस्ती म्हणूनच मरूं. हजार प्राण असते तर तेही देवाला अर्पण केले असते. मनिलांत फांशी चुकविण्यासाठीं पळालेला मनुष्य येथें मात्र पळाला नाहीं.

२४ सप्टेंबर रोजीं फादर अंतोनियो तुरुंगांतच वारले. २७ तारखेस उरलेल्यांची शहरांतून धिंड काढून त्यांना निशिझाका टेंकडीवर नेलें व खड्ड्यांवर टांगलें. लोरेन्झो यांचा एक हात मोकळा होता. सुमारें दोन दिवसांनीं त्यांचा प्राण गेला. प्रेतें जाळून राख समुद्रांत टाकण्यांत आली, म्हणजे मागें पूजेला एक अस्थिही राहूं नये.

ही निशिझाकाची टेंकडी वसईच्या माणसाला अनोळखी नाहीं. चाळीस वर्षांपूर्वीं, ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं, तिच्यावरच आमचे संत गोन्सालो गार्सिया क्रुसावर खिळले गेले होते. वसईंत जन्मलेले गोन्सालो आधीं जपानांत व्यापार करीत. फ्रान्सिस्कन संघाचा झगा त्यांनीं मनिलांतच घेतला आणि तेथूनच सन १५९३ मध्यें दुभाष्या म्हणून ते जपानला परतले. दोघेही धर्मगुरु नव्हते आणि दोघांनाही अनेक भाषा येत होत्या. मनिलाच्या बंदरांतून निघून दोघांचाही शेवट एकाच टेंकडीवर झाला.

गोन्सालो यांना सन १८६२ मध्यें संतपद मिळालें. लोरेन्झो यांना फार वाट पाहावी लागली. १८ फेब्रुवारी १९८१ रोजीं पोपमहाराज दुसरे जॉन पॉल यांनीं मनिलांतच, लुनेता मैदानावर, अफाट जनसमुदायासमोर त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केलें. असा विधि रोमबाहेर करण्याची ही आधुनिक काळांतील पहिलीच वेळ. पुढें मेंदूच्या असाध्य विकारानें ग्रासलेली दोन वर्षांची एक मुलगी त्यांच्या मध्यस्थीनें बरी झाली, हा चमत्कार मान्य होऊन १८ ऑक्टोबर १९८७ रोजीं रोम येथें पंधरा सोबत्यांसह त्यांना संतमालिकेंत स्थान मिळालें. त्यांचा सण २८ सप्टेंबरला येतो.

बिनोंदोच्या मंदिरानें मात्र फार सोसलें. महायुद्धांत, २२ सप्टेंबर १९४४ रोजीं, अमेरिकन बाँबवर्षावानें तें जळालें. अष्टकोनी घंटाघर आणि भिंती तेवढ्या उरल्या. लोकांनीं तें पुन्हां उभारलें, आणि आतां त्याला संत लोरेन्झो यांचें नांव जोडलेलें आहे. भोंवतीं ओंगपिन रस्त्यावर सोनारांचीं दुकानें, चिनी खाणावळी, औषधांच्या पेढ्या. गर्दी अशी कीं पाऊल ठेवण्यास जागा नाहीं. मंदिरांत फिलिपिनो, चिनी व इंग्रजी भाषांतून मिस्सा होतात. परदेशीं चाकरीला जाणारे फिलिपिनो लोक त्यांना आपला आश्रयदाता मानतात. आखातांतील शहरांत आमच्या वसई-गोव्याचीं मुलें ज्या चर्चमध्यें शुक्रवारीं मिस्सेला जातात, तेथें शेजारच्या बांकावर हेच लोक बसलेले असतात. त्यांतील पुष्कळांनीं घर सोडतांना मुलांना आजीच्या स्वाधीन केलेलें असतें, आणि गळ्यांत किंवा पाकिटांत बिनोंदोच्या लेखनिकाचें लहानसें चित्र असतें.