बार्शीचा मेहबूब, महाराष्ट्राचा अमर शेख

मराठी मुसलमानांची भाषा नेमकी कोणती, हा वाद दर काही वर्षांनी कुणीतरी उकरून काढतं. घरात दखनी, मदरशात उर्दू आणि बाजारात, शेतात, कचेरीत मराठी, असा आपला संसार पिढ्यान्‌पिढ्या चाललेला आहे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वाटतं ते बाहेरून बघणाऱ्यांना. अशा वेळी आम्हाला शाहीर अमर शेख यांची आठवण होते. या वादात ते कधी उतरले की नाही, ते बाजूला ठेवू. त्यांनी डफ घेतला आणि गात राहिले, एवढं मात्र सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

त्यांचं खरं नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत, गरिबाच्या घरात. आईचं नाव मुनेरबी. गाण्याचा वारसा मेहबूबला मिळाला तो तिच्याकडूनच. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं, पण जात्यावर बसलेली मुसलमान बाईही मराठीतच ओव्या म्हणायची. त्या ओव्यांत भाऊ, माहेर, पाऊस असायचा आणि करबलेचं दुःखही. मोहरमात ताबुतापुढे मराठीतून रिवायती म्हणायची रीत आपल्या भागात होतीच. कुठल्या गवयाकडे गंडा बांधायची ऐपत नसलेल्या पोराला ही एवढी शिदोरी पुरली.

पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीतही राबले. पण काळ नुसतं पोट भरू देणारा नव्हता. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिली. त्यातले कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवणारे तरुण पत्रकार. आपल्याच जिल्ह्यात हे घडत असताना तेरा-चौदा वर्षांचा मेहबूब घरात कसा बसणार? तोही आंदोलनात उतरला आणि विसापूरच्या तुरुंगात गेला. तिथे कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकरांची ओळख झाली आणि तो साम्यवादाकडे वळला. सुटून आल्यावर बार्शीत गिरणी कामगारांचा पुढारी झाला.

मधला काही काळ कोल्हापुरात, मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत गेला. तिथेच ‘अमर शेख’ हे नाव पडलं. आम्हाला या नावाची मोठी गंमत वाटते. पुढचा शब्द कुठल्याही मराठी घरातला, मागचा आपल्या मोहल्ल्यातला, आणि दोन्ही एका दमात उच्चारले जातात. त्या नावाचा जोड कुणाला खटकला नाही.

मग मुंबई. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, दत्ता गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. वाटेगावचा मातंग समाजातला लेखक, सोबतीला गवाणकर आणि बार्शीचा मुसलमान गायक! गिरणगावातल्या चाळीचं पटांगण, गिरणीचं फाटक, कामगारांचं मैदान, खेड्यातला पार हेच त्यांचं रंगमंदिर. डफ, तुणतुणं, ढोलकी, झांज आणि मागे जी-जी धरणारे साथीदार, एवढा सरंजाम. तमाशाचा जुना बाज त्यांनी टाकला नाही, पण गणगौळणीत देवादिकांऐवजी कष्टकऱ्याचं गाणं आलं आणि वगात सावकार, मालक, काळाबाजारवाला आला. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री त्यांच्यापुढे बसायचा आणि स्वतःचीच गोष्ट ऐकायचा.

त्यांच्या आवाजाबद्दल लिहिणारे सगळे एकच शब्द वापरतात, पहाडी. दम लागणारं काम हो ते. शाहिराला उभ्यानं गावं लागतं, मधे बोलावं लागतं, माणसं उठायला लागली तर पुन्हा धरून बसवावी लागतात. मैफलीच्या गवयासारखी मिटल्या डोळ्यांची चैन त्याला नसते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली, यावरूनच त्या आवाजाचा धसका किती होता ते कळतं. गाणं मात्र थांबलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर अमर शेख गावोगाव पोचले. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून शंभरावर माणसांनी जीव दिला. सभेत पुढाऱ्यांची भाषणं व्हायची आणि त्याच सभेत शाहिरांचा डफ वाजायचा. अण्णा भाऊंची मुंबईच्या विरहाची छक्कड अमर शेखांच्या गळ्यातून लोकांपर्यंत गेली. १ मे १९६० रोजी राज्य झालं. त्या राज्याच्या पायात बार्शीच्या मुनेरबीच्या लेकाचाही घाम आहे. गोवा मुक्तीसाठीही ते गायले. पुढे चीन आणि पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा लोकांना जागं करायला हाच माणूस फिरत होता. आपल्याकडून देशभक्तीचा दाखला मागणाऱ्यांनी हे वाचलेलं नसतं, हे एक. पण आपल्यापैकी किती जणांनी वाचलंय? आमच्या वर्गात अमर शेख हे नाव काढलं तर मुलं आधी विचारतात, हे आपल्यातले होते का?

होते. मात्र त्यांना आपल्या साच्यात कोंबायचा खटाटोपही करू नये. ते कम्युनिस्ट होते आणि ते कधी लपवलं नाही. लग्न कुसुम जयकर यांच्याशी केलं. आपल्यातल्या काहींना या गोष्टी अवघड वाटतात, म्हणून जलशात, जयंतीत त्यांचं नाव घ्यायचं टाळलं जातं. आम्हाला हे पटत नाही. माणूस जसा होता तसा पत्करावा. उपाशी माणसाच्या बाजूने उभं राहणं आपल्या दीनलाही परकं नाही.

ते नुसते गायक नव्हते, कवीही होते. ‘अमरगीत’, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ ही त्यांची पुस्तकं. ‘पहिला बळी’ हे नाटक त्यांनी लिहिलं. ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ अशी दोन मासिकं चालवली. एकाचं नाव मराठी वळणाचं, दुसऱ्याचं हिंदुस्तानी. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आमच्यासारख्यांना ते वाचून बरं वाटतं. आचार्य अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटात आणि कुंभाराच्या गरीब संसाराची कथा सांगणाऱ्या ‘प्रपंच’मध्येही त्यांनी काम केलं. त्यांची लेक मलिका अमर शेख मराठीतल्या नावाजलेल्या कवयित्री झाल्या.

एवढं करून घरात पैसा साठला असेल असं कुणाला वाटेल. शाहिराच्या झोळीत आलेलं बहुतेक चळवळीच्याच कामी जायचं. आयुष्य रस्त्यावर गेलं आणि शेवटही रस्त्यावरच झाला. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटारीच्या अपघातात ते गेले. वय अवघं बावन्न.

मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. बार्शीला जाणं झालं तर तिथल्या जुन्या माणसांना मेहबूब पटेल विचारून बघा. नाव ऐकून कुणीतरी नक्की खुर्ची पुढे सरकवेल.